बापाच्या नावापुढचा अंगठा

आबांनी माझा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि माझ्या मेलेल्या बापाच्या नावापुढे टेकवला. सगळी ग्रामसभा बघत होती.

थंडीचे दिवस. पंचायतीचा हॉल. अकराची सभा, जमेपर्यंत बारा वाजून गेले. गाव खुर्च्यांवर बसलं होतं आणि आमची भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, मागे सतरंजीवर. मी हजेरीची वही घेऊन फिरत होते. पंचायतीत मी संगणक परिचालक होते. म्हणजे दाखले काढायचे, ठराव टाईप करायचे आणि सभा असली की वही फिरवायची. ज्याला सही येते त्याची सही, बाकीच्यांचा अंगठा. वस्तीच्या पानावर आले तर बापाचं नाव तसंच होतं. त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती. मी म्हणाले, "आबा, हे नाव अजून यादीत आहे." तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.

आबा पहिल्या रांगेत होते. आमच्या गावात सरपंच कोणीही असो, पहिल्या रांगेत आबा असतात. सध्या त्यांची सून सरपंच आहे. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि हसले.

"बापना आनि पोरीना अंगठा काय येगळा ऱ्हास? आन आठे."

आणि टेकवला. हॉल हसला. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, खुर्चीत हलून हलून हसले. मागे सतरंजीवरची माणसं हसली, त्यात माझी सख्खी आत्या होती. शाई ओली होती, ती आबांच्या बोटालाही लागली. त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. मी ओढणीच्या टोकानं ते पुसून दिलं.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल. नाही आलं. काहीच झालं नाही. मी पुढच्या नावाकडे गेले.

वर लिहिलं आहे, आबांनी अंगठा धरला. हे वाक्य मी किती वेळा खोडलं आणि परत लिहिलं. कधी वाटतं, त्यांनी ओढला. कधी वाटतं, "आन आठे" म्हटल्याबरोबर मीच हात पुढे केला. या दोन्हींच्या मध्ये किती वेळ गेला असेल? पापणी लवेल एवढा. तेवढ्या वेळात काय झालं, एवढंच मला शोधायचं आहे. बाकी सगळं गावाला माहीत आहे.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. वर डोंगर, खाली केळी. केळी गावाची आणि हात आमचे. माझी माय घड कापणाऱ्या टोळीत जाते. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो कपडा मेला, डाग जात नाही. मायच्या हातावर तो चीक तीस वर्षं पडतो आहे. तिच्या बोटांवर रेषा अशा राहिलेल्याच नाहीत.

रेशनच्या मशिनला मायचा अंगठा पटत नाही. दर महिन्याला तेच. ती अंगठा ठेवते, मशीन लाल होतं. पदराला पुसते, परत ठेवते, परत लाल. दुकानदार म्हणतो, "अक्का, तुम्हनं बोट सरकारले मान्य नही." मग मी जाऊन माझा अंगठा ठेवते आणि धान्य आणते. पण ग्रामसभेच्या वहीत मायचा अंगठा आजवर एकदाही नापास झाला नाही. तिथे नुसता काळा ठिपका उमटला तरी भागतं. धान्य द्यायच्या वेळी सरकारला माय सापडत नाही, होकार घ्यायच्या वेळी बरोबर सापडते. हे मला आत्ता सुचतं आहे. तेव्हा मी पॅड घेऊन तिच्यासमोर उभी असायचे.

पद्धत अशी होती. आधी सह्या आणि अंगठे, विषय मागाहून. हजेरीच्या पानाखाली जागा सोडायची, ठराव भाऊसाहेब सवडीनं लिहायचे. सभेला माणसं कमी पडली तर वही घरोघर जायची, आणि ती मी न्यायची. चुलीपुढे बसलेली बाई हात पुसून अंगठा द्यायची. पहिल्या वर्षी दोघीतिघींनी विचारलं, "कशाना शे व?" मी म्हणायचे, "सभेचा आहे." पुढे कोणी विचारलं नाही. मला लांबून येताना बघूनच बायका पदराला हात पुसायला लागायच्या.

गावातला दुसरा कोणी वही घेऊन आला असता तर कदाचित त्यांनी विचारलं असतं. मला कशाला विचारतील? मी त्यांचीच. शिकलेली. वाचून बघितलं असेल पोरीनं. आणि मी वाचून बघायचे तर काय, पान कोरं असायचं. मला त्या कामावर का ठेवलं होतं ते तेव्हा मला कळलं नाही. मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणून.

आबा वाईट माणूस नाही. आमच्या वस्तीत हे वाक्य लहान लेकरूही म्हणेल. आबांनी कोणाला शिवी दिली असं मी ऐकलं नाही. अंगावर हात टाकणं तर लांबच. बापाला जळगावला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा आबांची गाडी आली. मला धुळ्याला कॉलेजात घातलं तेव्हा वसतिगृहासाठी फोन आबांनी केला. म्हणतात ना, खाल्ल्या मिठाला जागावं. आम्ही जागत होतो, रात्रंदिवस, डोळा न लावता.

धुळ्याला पहिल्यांदा गेले तीही त्यांच्याच गाडीतून. ड्रायव्हर पिकअपमधून काही सामान पोचवायला चालला होता. आबा म्हणाले, पोरीला सोडून दे. गाडीची पुढची सीट रिकामी होती. मी मागे चढले, ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यांवर, आणि धुळ्यातल्या देवपुरापर्यंत तशीच गेले. मला कोणी मागे बस म्हटलं नव्हतं. अमळनेरला ड्रायव्हर उतरला, चहा पिऊन आला, तेवढा वेळ मी मागे बसून रिकाम्या सीटकडे बघत होते. पुढे जाऊन बसावं असं मनातसुद्धा आलं नाही. आता आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा फक्त नळ्या टोचत होत्या.

देवपूरच्या कॉलेजात मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं. आमचे सर म्हातारे होते, खडू बोटात घोळवत बोलायचे. एकदा सत्तेवर शिकवत होते. दडपशाही आणि संमती. सर म्हणाले, नुसत्या काठीवर कोणाचं राज्य टिकत नाही. रोज काठी उगारायची तर राजाचाच हात दुखेल. काठी कोपऱ्यात उभी असावी लागते, सगळ्यांना दिसेल अशी, आणि समोर असावा लागतो होकार. लोकांना वाटलं पाहिजे की हे आपल्याच मनानं चाललं आहे. मग त्यांनी विचारलं, "काठी कोपऱ्यात आहे, माणूस गोड हसून मागतो आहे, आणि तुम्ही दिलंत. तर तुम्ही दिलं की त्यानं घेतलं?"

वर्गात बरीच चर्चा झाली. सर माझ्याकडे वळले. ते मायेनंच म्हणाले, "तुमच्या भागातलं एखादं उदाहरण सांगा बघू."

मी उभी राहिले. म्हणाले, "सर, आमच्याकडे असं काही नाही. आमचे आबा फार चांगले आहेत."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सर म्हणाले, "बसा." परीक्षेत तोच प्रश्न आला. दहा मार्कांचा. मला आठ पडले.

काठी कोपऱ्यात होती. मला माहीत होतं कुठे होती. आमच्या शेजारी गोमाकाका राहायचा. मी शाळेत असताना एका ग्रामसभेत तो सतरंजीवरून उठला आणि म्हणाला, "मी अंगठा देवाव नही. पहिले वाचीसन दखाडा." बस, एवढंच. त्याला कोणी बोट लावलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याला कापणीला बोलावणं बंद झालं. घरकुलाच्या यादीत त्याचं नाव होतं, ते पुढच्या यादीत नव्हतं. पिठाच्या गिरणीवर त्याच्या बायकोचा डबा शेवटी राहायला लागला. वर्षभरात ते कुटुंब गुजरातेत निघून गेलं. त्याच्या घराच्या कुडाच्या भिंती अजून उभ्या आहेत. वस्तीत आजही म्हणतात, गोमाचंच डोकं फिरलं होतं. मीही तेच म्हणायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण आमचं तोंड दाबायची कोणाला तसदी पडली नाही. आम्हीच हात ठेवून बसलो होतो.

ग्रामसभा झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी भाऊसाहेबांनी ठरावाची वही टाईप करायला दिली. दुपारची वेळ, पंचायतीत मी एकटीच. नळदुरुस्ती, दिवाबत्ती, अंगणवाडीचं छप्पर. चौथा ठराव असा होता की नाल्यालगतचं गायरान आबांच्या मुलाच्या केळी पॅकहाऊससाठी देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. सदर जागेवर कोणतीही वस्ती, दफनभूमी अथवा वहिवाट नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.

आमच्यात पुरतात. नाल्याच्या पल्याड जो उंचवटा आहे, तिथे. कागदावर ते गायरान असेल. प्रत्येकाच्या डोक्याशी एक दगड असतो. दगडावर नाव नसतं, पण कोणाचा कोणता ते घरच्यांना कळतं. माझा बाप तिथे आहे. पळसाच्या झाडापासून तिसरा दगड.

ठरावाखाली दोन नावं होती. सूचक, आबांचा पुतण्या. अनुमोदक, माझा बाप.

मी हजेरीचं पान उलटून पाहिलं. त्याच्या नावापुढे अंगठा होता. चांगला उमटला होता. मी केळी कापत नाही, माझ्या बोटावर रेषा आहेत.

म्हणजे माझ्या बापानं सांगितलं होतं की तो जिथे झोपला आहे तिथे कोणी झोपलेलं नाही.

मी टाईप केलं. हो, पूर्ण केलं. भाऊसाहेबांनी बापाच्या नावाची वेलांटी चुकवली होती, ती मी नीट केली. सेव्ह केलं. प्रिंट काढली. तासाभरानं भाऊसाहेब आले तेव्हा मी विचारलं, "माझे वडील तर वारले आहेत." ते चष्मा पुसत म्हणाले, "अगं, भिलाटीतला एक हवा होता. नाव समोर दिसलं. चांगला माणूस होता." ठरावाची हातानं लिहिलेली प्रत आधीच तहसीलला गेली होती; तिथून आलेली हरकतींची नोटीस त्यांनी दिली, बोर्डावर लावायला. बोर्ड दाराच्या मागे आहे, दार उघडं असलं की झाकला जातो. मी नोटीस लावली. चारी कोपऱ्यांना डिंक लावून, नीट.

घरी गेले. माय भाकरी थापत होती. मी बसून सांगितलं. सगळं सांगितलं, वही, ठराव, नाव. तिचा हात चालूच होता. ती म्हणाली, "आबानी काहीतरी इचार करेल हुई." मग म्हणाली, "त्यासनी कधी हात लावा का आपले?"

"नाही लावला."

"मंग."

भाकरी तव्यावर पडली. ती उलटताना तिनं विचारलं, "तुन्हा बाप हाव म्हना?" हो म्हणाला का, हे तिनं असं विचारलं की जणू तो खरंच उठून सभेला गेला असेल आणि तिला न सांगता आला असेल.

"म्हणाला," मी सांगितलं. "माझ्या अंगठ्यानं."

तिचा हात थांबला. भाकरी जळाली, वास सुटला, तिनं काढली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. मग बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते.

"जित्ता व्हता तवय जनमभर हाव म्हना. मरना तवय सुटना व्हता. तू त्याले परत हाव म्हनाले लावं."

मला मारलं असतं तर बरं, असं लिहायचा मोह होतो. पण तसं काही वाटलं नाही. मी जळकी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या घरी गेले. ते ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसले होते. "ये पोरी, बस," म्हणाले. खाली चटई होती. समोर खुर्ची होती. मी उभी राहिले. खुर्चीवर बसायचं धाडस झालं नाही, खोटं कशाला सांगू. पण चटईवरही बसले नाही. तेवढंच त्या दिवशी जमलं.

"आबा, ठरावातलं माझ्या बापाचं नाव काढा."

"काबर व?"

"तो मेला आहे."

"मानूस मरस, नाव मरस का? त्यानी जनमभर मन्हा शब्द खाले पडू दिधा नही. आते बी पाडाव नही." ते हसत होते. सूनबाईंना हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

मी म्हणाले, "अंगठा माझा आहे."

झोपाळा थांबला. आबा रागावले नाहीत. मी जन्मभर त्यांना रागावलेलं पाहिलं नाही, तेव्हाही नाही. ते पुढे झुकले आणि समजावल्यासारखं बोलले.

"कोनी जबरदस्ती करी का तुन्हावर? बठ्ठा गाव देखत व्हता. तू हासत व्हती."

"हसत होते."

"मंग? उद्या तू सांगशी का अंगठा तुन्हा शे, ते गुन्हा कोनावर हुई? मन्हावर व्हवाव नही. तुन्हावर हुई. शिकेल पोर शे तू. मी तुन्हा बापना जागे शे म्हनीसन सांगस."

चहा आला. मी कपाकडे बघत होते आणि मला सरांचा वर्ग आठवला. कोपऱ्यातली काठी. इतकी वर्षं मी ती गोमाकाकाच्या घराच्या कुडांत बघत होते. ती हसण्यातही असते हे मला कळलं नव्हतं. मी हसले होते, आणि ते हसणं त्यांनी जपून ठेवलं होतं. माझाच पुरावा माझ्याविरुद्ध. गाव हसलं म्हणून मी हसले होते. मी हसले नसते तर सगळ्यांना काहीतरी करावं लागलं असतं, गप्प बसावं लागलं असतं, एकमेकांकडे बघावं लागलं असतं. त्यांची अडचण होऊ नये म्हणून मी हसले. जन्मापासून आम्हाला हेच काम आहे, त्यांची अडचण होऊ न देणं.

मी म्हणाले, "आबा, माझ्या बापाच्या जागी कोणी बसू नका. त्याची जागा नाल्याकाठी आहे."

चहा तसाच ठेवून मी निघाले. पायऱ्या उतरले. धाडसाबिडसाचं काही वाटलं नाही. नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं.

गेली नाही. आमच्याकडे काही जात नाही, ते फक्त बंद पडतं. दुसऱ्या दिवशी संगणकावर माझा पासवर्ड चालेना. भाऊसाहेब म्हणाले, "सर्व्हरचा काहीतरी घोळ दिसतो. आठ दिवस घरी राहा, मी कळवतो." अजून कळवताहेत. त्याच आठवड्यात मायला टोळीत बोलावलं नाही. पहाटे ती तयार होऊन दारात उभी राहिली, ट्रॅक्टर आला, आत्याला आणि बाकीच्या बायकांना घेऊन गेला. ट्रॅक्टर थांबला नाही असंही नाही. थांबला, फक्त आमच्या दारापासून चार पावलं पुढे.

आत्या संध्याकाळी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "तुन्हामुये आम्हले बी बलावनं बंद व्हई. आम्ही काय सांगेल व्हतं का तुले?" मी विचारलं, "आत्या, तिथे तुझा भाऊ आहे ना?" ती म्हणाली, "भाऊ मरी गया. मन्ही सून जित्ती शे." मला तिचा राग आला नाही. मी वही घेऊन जायचे तेव्हा तीच सगळ्यात आधी हात पुसायची. मीच सवय लावली होती. राग करायचा तर आधी माझ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढी ताकद रोज नसते.

पंधरा-वीस दिवस गेले. एक दिवस माय रेशनच्या दुकानातून पिशवी घेऊन एकटीच आली. मी विचारलं, मला का नाही बोलावलं? म्हणाली, मशिननं घेतला अंगठा. पहिल्याच वेळी हिरवं झालं. तिनं हात माझ्यासमोर धरला. काम नव्हतं, चीक नव्हता, चामडी निवळत चालली होती. अंगठ्यावर बारीक रेषा आल्या होत्या. तीस वर्षांनी सरकारनं माझ्या मायला ओळखलं ते तिच्या हाताचं काम गेल्यावर. ती हसली की रडली ते सांगता येणार नाही, तोंड वाकडं झालं एवढं खरं. मग पिशवीतले गहू निवडायला बसली.

गहू निवडता निवडताच म्हणाली, "लिख."

मी विचारलं, काय लिहू?

"मी तठे काय बोलू? माले बोलता येस का? तू लिख. मी अंगठा देस. आते मन्हा अंगठा दिसस."

माझी माय एवढंच बोलली. ती गोमाकाकासारखी उठून उभी राहिली नाही. सुपात हात घालून खाली मान घालून बोलली. पण कोणीही वही पुढे न करता तिनं अंगठा देऊ केला, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

मी लिहिलं. नोटिशीची मुदत संपायला दोन दिवस होते. मीच ती लावली होती म्हणून मला तारीख पाठ होती. लिहिलं की नाल्याकाठी आमची माणसं पुरलेली आहेत, पळसापासून तिसरा दगड माझ्या बापाचा आहे. अनुमोदक त्या सभेच्या जवळजवळ तीन वर्षं आधी वारला आहे. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. तो दाखला मीच काढला होता, त्याच पंचायतीच्या संगणकावर. पुढे लिहिलं की त्याच्या नावापुढचा अंगठा माझा आहे. इथपर्यंत पेन सरळ चाललं.

मग अडलं. "माझा अंगठा जबरदस्तीने घेण्यात आला" असं लिहायचं होतं. चोपड्याला ओळखीच्या एका वकिलांना दाखवलं तर ते म्हणाले, तसंच लिहा, तुम्ही सुटाल. लिहिलं, वाचलं. खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं असतं तर मी नुसती एक दांडगाई सोसलेली बाई होते, आणि बाकी पाच वर्षं वही फिरवणारी ती कोण होती? ट्रकभर अंगठे गोळा करणारी? गाडीत रिकामी सीट सोडून नळ्यांवर बसणारी? तिला कोणी ओढलं नव्हतं.

मी ते वाक्य खोडलं. वकील म्हणाले, मूर्खपणा करताय. असेल.

आता माझं उत्तर मला सापडलं आहे. सर असते तर त्यांना सांगितलं असतं, पण ते वारले. आबांनी हात पुढे केला, मी अंगठा दिला. त्यांनी घेतला हेही खरं, आणि मी दिला हेही. त्यांनी काय घेतलं त्याचा जाब मला विचारायचा आहेच, सुनावणीत विचारणार. पण नुसतं घेतलं असतं तर मला फक्त गाऱ्हाणं करता आलं असतं. मी दिला होता, म्हणून मी काढून घेऊ शकते. ते मला कोणाच्या परवानगीशिवाय करता येतं. वस्तीतल्या प्रत्येकाला करता येतं. आबांना हे माझ्याआधी माहीत होतं, म्हणून तर ते इतकं गोड बोलतात.

सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे, तहसील कचेरीत. गुन्हा दाखल झाला तर पहिलं नाव माझं असेल. होऊ दे. आत्या येणार नाही. माय येणार आहे. एसटीत पुढच्या सीटवर बसू म्हणाली, मागे तिला मळमळतं.

अर्जाखाली मी सही केली नाही. एम.ए. झाले आहे, सही चांगली येते. तरी पॅड उघडलं आणि अंगठा लावला, मायच्या अंगठ्याशेजारी. त्याखाली लिहिलं, हा अंगठा जिवंत बाईचा आहे, त्या पानावरच्या अंगठ्याशी जुळवून पाहावा.

पॅड बंद केलं. या खेपेला माझा हात कोणी धरला नव्हता. मी हसतही नव्हते.